हिलालअप्पांची यादी

हिलालअप्पा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते टेपची तक्रार घेऊन. ही ब्याण्णव सालची गोष्ट. सुरतेच्या नवागामात डिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझे वडील भुसावळहून उधन्याला रेल्वेत गँगमन म्हणून आले. मला रेल्वेची नोकरी काही लागली नाही, पण सोल्डरिंगची कांडी हातात बसली. दारावर पाटी होती, 'धम्मरत्न इलेक्ट्रिक', आणि आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा.

अप्पांनी टेप काउंटरवर ठेवला. शेहेचाळीस-सत्तेचाळीसचा सडपातळ माणूस, केसांत सुताचा कापूस अडकलेला. लुमांच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात कारीगर, हे विचारायची गरजच नव्हती.

"धम्मरत्नभाऊ, या गानामा बासरी शे. ती ऐकू येत नही."

मी टेपचा हेड स्पिरिटने पुसला, बेल्ट बदलला, त्यांचीच कॅसेट लावली. बासरी अगदी स्वच्छ वाजली.

"झालं अप्पा."

त्यांनी कान जवळ आणला. "कोठे शे बासरी?"

"ही काय, आत्ताच वाजली."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. मी परत मागे गुंडाळून लावली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यांदा मी बासरीच्या जागेवर बोट वर केलं, 'ही बघा, ही' म्हणालो, आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेप कधी बिघडलाच नव्हता.

हे त्यांना सांगायचं कसं, या विचारात मी दोन दिवस टेप तसाच ठेवून घेतला. शेवटी त्यांना घेऊन एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कानाला हेडफोन लावून बारीक-जाड आवाज ऐकवले, कागदावर ठिपके काढले आणि ठिपक्यांची रेघ उजव्या बाजूला धाडकन खाली आलेली दाखवली.

"किती वर्षं लुमांवर?"

"सत्तावीस."

"बारीक आवाज गेलेत, ते आता यायचे नाहीत. जाड आवाज शाबूत आहेत, ते तरी सांभाळा. खात्यात जाताना कानात कापूस घालत जा."

परत येताना अप्पा रिक्षात एकच वाक्य बोलले. "तरीच म्हनू, उषा आजकाल माले हाक का मारत नही."

उषावहिनी म्हणजे अप्पांची बायको. त्यांचा आवाज फार नाजूक. त्या बिचाऱ्या हाका मारून दमायच्या आणि शेवटी ताटावर चमचा वाजवायच्या. नवरा रागात आहे असा त्यांचा समज, बायको रागात आहे असा यांचा. दोन वर्षं असंच चाललं होतं. कान गेल्याचं घरी कळलं तेव्हा, खोटं नाही सांगत, त्या घराने आधी सुटकेचाच निःश्वास टाकला.

पण गाणं तुटलं. शिंदखेड्याकडच्या आपल्या गावात अप्पांनी पोरपणी रेडिओ उशाला घेऊन झोपायची सवय लावलेली. त्या माणसाला आता गाणं म्हणजे नुसती गायिकेच्या फोटोची कॅसेट. टेप घरीच राहिला, मुलगी धनश्री तो वाजवायची, अप्पा मात्र तेवढ्या वेळात ओट्यावर जाऊन बसायचे.

पुढच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर माझ्याकडे एका मंडळाची पेटी आली होती, बारा इंची स्पीकरची. मी तो बदलून नवीन बसवला आणि तपासायला हाताला लागली ती कॅसेट लावली. कुठलं तरी नवं धांगडधिंगा गाणं होतं, सगळी मुलं त्या वर्षी त्यावरच नाचत होती. इतक्यात अप्पा आले. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून पेटीवरच टेकले.

आणि ताडकन उठले. पेटीकडे पाहिलं. दोन्ही तळवे पेटीवर ठेवले. डोळे मिटले. मी आवाज बंद करायला गेलो तर त्यांनी हात न काढताच मानेने 'नको' केलं.

गाणं संपल्यावर म्हणाले, "हाई काय शे?"

"नवीन गाणं आहे अप्पा. सगळे शिव्या घालतात याला."

"शिव्या कसाले घालतंस? यामा मानूस शे. ढोलक वाजाडी राहिना. माले ऐकू ई राहिनं!"

त्या दिवशी त्यांनी दुकानातल्या अकरा कॅसेट ऐकल्या. गिऱ्हाइकं उभी होती, ती उभीच राहिली.

त्यानंतर मी जे बनवलं त्याचा मला अजून अभिमान आहे. बंद पडलेल्या एका चहाच्या हॉटेलातलं लाकडी बाकडं आणलं, त्याच्या फळीखाली बारा इंची स्पीकर उलटा बसवला, बाजूंनी प्लाय ठोकून पेटी केली आणि टेपला एक ॲम्प्लिफायर जोडून दिला. बाकड्यावर बसलं की गाणं मांड्यांतून वर चढायचं, तळवे फळीवर ठेवले की बोटांत यायचं. जाड आवाज कानानेही ऐकायचे आणि हातानेही. अप्पा त्यावर बसले की एखाद्या जुन्या मित्राच्या खांद्यावर हात टाकून बसल्यासारखे दिसायचे.

उषावहिनींना मात्र तो भूकंप वाटायचा. पहिल्याच दिवशी फळीवरचे डाळीचे डबे चालत चालत कडेला आले आणि तुरीचा डबा खाली पडला. वहिनींनी डबे खाली घेतले, पण बाकडं बाहेर काढा असं कधी म्हणाल्या नाहीत.

आता नवीन गाण्यांबद्दल आमच्या वस्तीत काय मत होतं ते सांगतो. वस्तीचं मत म्हणजे गोपाळ गुरवांचं मत. गोपाळराव दिवसा कापड मार्केटात पॅकिंगला आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटीवर. त्यांच्या हिशेबाने संगीत वीस वर्षांपूर्वीच मेलं होतं आणि आता जे वाजतं तो त्याच्या तेराव्याचा गोंधळ. की-बोर्ड म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे. "पूर्वी गाण्याला शंभर माणसं लागत, आता एक माणूस आणि एक प्लग लागतो," हे त्यांचं आवडतं वाक्य.

त्यात अप्पा नव्या गाण्यांच्या बाजूने उभे राहिले. गोपाळरावांना तो अपमानच वाटला.

"बहिऱ्या माणसाने संगीतावर बोलू नये," ते दुकानात म्हणाले.

अप्पांना ओठ वाचता यायचे. खात्यातले सगळेच कारीगर ओठ वाचतात, लुमांच्या धडधडीत दुसरा इलाज नसतो. ते हसून म्हणाले, "गोपाळराव, तुम्ही कानाने ऐकता म्हणून तुम्हाला फक्त वरचं ऐकू येतं. मी खालचं ऐकतो."

यादी सुरू झाली ती या वादातून. सुरतेत दिवाळीला लुमं बंद होतात ती लाभपाचमीला उघडतात. मधे गुजराती लोकांचं नवीन वर्ष, बेसतं वरस. नवागामातली निम्मी माणसं त्या आठवड्यात खानदेशात गावी जातात. अप्पांच्या गावच्या घराला कुलूप होतं, भाऊबंद नाशिकला गेलेले, म्हणून ते इथेच राहायचे. त्र्याण्णवच्या दिवाळीत त्यांनी वस्तीभरातून त्या वर्षीच्या नव्या कॅसेट मागून आणल्या. हिंदी, मराठी, अहिराणी, गुजराती गरबे, माझ्याकडची भीमगीतं, सगळं. बेचाळीस कॅसेट निघाल्या. रोज आठ-दहा ऐकल्या, दोन्ही बाजू, एकही गाणं न सोडता. मग त्यातल्या दहा निवडल्या, धनश्रीने सुवाच्य अक्षरात चार्टपेपरवर लिहिल्या आणि लाभपाचमीच्या आदल्या दिवशी तो कागद माझ्या दुकानाच्या शटरवर लागला. 'या वर्षाच्या दहा चांगल्या कॅसेटा. निवड : हिलाल कारीगर.'

गावाहून परतलेल्या लोकांनी बॅगा खांद्यावर असतानाच ती वाचली. भांडणं लागली, आणि भांडणांशिवाय यादीला मजा नाही. दुसऱ्या नंबरवर भीमगीतांची कॅसेट होती. गोपाळरावांनी त्यावर बोट ठेवलं. "ही इथे कशी?"

"बाकड्यावर येऊन बसा, मग कळेल," अप्पा म्हणाले.

गोपाळराव बसायला काही गेले नाहीत. मी मात्र त्या दिवशी आईला सांगायला घरी पळालो की हिलालअप्पांनी आपली कॅसेट दोन नंबरला ठेवलीय.

अप्पांची पारख कशी चालायची ते मी पुष्कळदा पाहिलं. तळवे सपाट, डोळे बंद. मधेच म्हणायचे, "हाऊ ढोलक मशीनना शे." मी कव्हर बघायचो, खरंच की-बोर्डचं गाणं असायचं.

"कसं ओळखता?"

"मशीन चुकत नही." मग माझ्यासाठी सावकाश समजावायचे, "लूम कसं, सूत घेऊन धोटा एका ठोक्याला जातो, एका ठोक्याला येतो, दिवसभर तेच. माणूस तसा नसतो. तिसऱ्या फेरीला जरासा मागे राहतो, मग धावत येऊन गाठतो. ते धावत येणं मला हाताला लागतं. तेवढ्यासाठी मी ऐकतो."

पण मशीनचं म्हणून ते गाणं टाकून द्यायचे नाहीत. एका पोराने की-बोर्डवर केलेली कॅसेट त्यांनी एकदा तीन नंबरला ठेवली, कारण त्याने मशीनलाही धाप लावली होती, असं त्यांचं म्हणणं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची हाकाटी झाली आणि अर्धं शहर गाड्यांना लटकून पळालं. आम्हीही भुसावळला गेलो. परतलो तेव्हा दिवाळी आली होती, आणि मला वाटलं, यंदा कुठली यादी. पण लाभपाचमीच्या आदल्या दिवशी शटरवर कागद होता. त्या वर्षी दहाऐवजी सातच कॅसेट होत्या आणि खाली एक ओळ जास्त होती : 'बाकीच्या कॅसेटांचे मालक अजून गावाहून आले नाहीत. आले की ऐकू.' ती ओळ वाचून लोक हसले. महिनाभरानंतर पहिल्यांदाच आमच्या रस्त्यावर कुणी मोठ्याने हसलेलं मी ऐकलं.

शहाण्णव सालची यादी मात्र वस्ती कधी विसरणार नाही.

त्या दिवाळीत मी गावी होतो. अप्पांनी आणि धनश्रीनेच सगळं केलं. धनश्री तेव्हा दहावीला. परतल्यावर दुकानाकडे आलो तर समोर ही गर्दी. बाया पदर तोंडाला लावून उभ्या, रिक्षावाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. मी पुढे घुसून यादी वाचली. पहिल्या नंबरवर होती 'दाजी पंपवाला'.

मला घाम फुटला. ती अहिराणी कॅसेट मी ऐकली होती. विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला दाजी येतो आणि मेहुणी त्याला काय काय सांगते, असं ते गाणं. त्यात पंपाबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी स्वतः दुरुस्तीवाला, मला तर त्या गाण्यावरून सहा महिने टोमणे ऐकावे लागले होते.

अप्पांना शब्द कुठे ऐकू येत होते! त्यांना फक्त ढोलक लागला होता.

धनश्रीला सगळं ठाऊक होतं. पण दहावीतली मुलगी बापाला काय सांगणार? तिने ते नाव एवढ्याशा बारीक अक्षरात लिहिलं, तर अप्पा रागावले, "पहिला नंबर असा लिहितात का?" आणि लाल स्केचपेनने मोठं करायला लावलं. पोरगी त्या दिवशी घराबाहेर पडली नाही.

अप्पा गर्दीत आले. लोक हसतायत म्हणून तेही हसले. मग एकेकाचे ओठ बघून विचारायला लागले, "काय व्हयनं?" कुणी सांगेना. शेवटी धुरपदाबाई पुढे आली. ही सत्तरीची म्हातारी, आमच्या रस्त्यावर भाजी विकायची. आयुष्यभर आरोळ्या ठोकून तिचा आवाज पुरुषासारखा जाड झालेला. वस्तीतल्या सगळ्या बायांत अप्पांना फक्त तिचंच बोलणं ऐकू यायचं.

"कारीगर, कान आठे कर," ती म्हणाली. आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, तिने ते गाणं पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत अप्पांच्या कानात म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

अप्पांचा चेहरा बदलत गेला. आधी गोंधळले, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे झाकून घेतले. तिसऱ्या कडव्याला त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की ते शटरला धरून खालीच बसले. गर्दीही हसत सुटली. धुरपदाबाई एकटी गंभीर. "चवथं कडवं बाकी शे," म्हणाली.

गोपाळराव वाटच बघत होते. त्यांनी हात वर केला. "ऐकलंत? हे तुमचं आजचं संगीत! याला पहिला नंबर!"

अप्पा डोळे पुसत उठले. "गोपाळराव, शब्द घाण आहेत, कबूल. ज्याने लिहिले त्याला माझ्यातर्फे दोन शिव्या द्या. पण ढोलकवाल्याने काय केलं? त्याने तर सोन्यासारखं वाजवलंय. त्याचा नंबर मी का काढू?"

त्यांनी धनश्रीला बोलावून पेन मागवलं. 'दाजी पंपवाला' खोडलं. वर लिहिलं, 'या कॅसेटचा ढोलकवाला'. मग थांबले. "नाव काय शे त्यानं?"

मी कॅसेट आणली. कव्हरवर गायकाचं नाव होतं, गीतकाराचं, निर्मात्याचं, फोटो काढणाऱ्याचं, ज्याच्या शेतात फोटो काढला त्याचेही आभार होते. ढोलकवाल्याचं नाव नव्हतं. आम्ही दुसरी कॅसेट पाहिली, तिसरी पाहिली. कुठेच नव्हतं. गोपाळरावांनीही चष्मा लावून चार कॅसेट तपासल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय जरा उतरला. पेटीवालेच ते, साथ करणाऱ्याचं नाव नसणं त्यांना बरोबर कळलं.

"पेटीवाल्याचंही नाही," ते पुटपुटले.

त्या संध्याकाळी धनश्रीने कंपनीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. अप्पा सांगत होते, ती लिहीत होती. 'आम्ही सुरतेचे लूम कारीगर. तुमच्या कॅसेटचे शब्द वाईट आहेत. ढोलक या वर्षात सगळ्यात चांगला आहे. दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात तो सम सोडून गेला आणि आम्हाला वाटलं हरवला, पण तो आला. त्याचं नाव कळवावे.'

आणि यादीचा नियम बदलला. पुढच्या वर्षापासून दोन रकाने. एकात अप्पांचा हात, दुसऱ्यात गोपाळरावांचे कान. शब्दांची जबाबदारी गोपाळरावांची. त्यासाठी त्यांना सगळ्या नव्या कॅसेट ऐकणं भाग पडलं. मार्चमधे त्यांनी माझ्याकडून पहिली कॅसेट नेली ती नाक धरल्यासारखी, दोन बोटांत. जुलैमधे मी त्यांना पॅकिंगच्या गठ्ठ्यावर बसून की-बोर्डचं गाणं गुणगुणताना पाहिलं. मला बघताच त्यांनी त्याच चालीत अभंग म्हणायला सुरुवात केली. 

कंपनीचं उत्तर आलं नाही. आम्ही ते विसरून गेलो. आणि सत्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, एक काळासावळा, उंच माणूस दुकानासमोर उभा राहिला. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल.

"हिलाल कारीगर कोठे ऱ्हातंस?"

"तुम्ही कोण?"

त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलं. धनश्रीचं अक्षर. घड्यांवर झिजलेलं, घामाने शाई फुटलेली.

"मी सुपडू. पारोळ्याकडचा. हाऊ ढोलक मी वाजाडा."

मी आतून स्टूल आणलं, पाणी दिलं. तो सांगत गेला. कंपनीच्या कपाटात ते कार्ड चार महिने पडलं होतं, एका ऑफिसातल्या माणसाने गंमत म्हणून त्याला दिलं. अठरा वर्षं तो स्टुडिओत वाजवत होता. एका दिवसात आठ-आठ गाणी. कुठलं गाणं कुठल्या कॅसेटमधे गेलं हेही त्याला कळायचं नाही. उधन्याला भाचीच्या लग्नाला आला होता आणि पाचच्या गाडीने परत जायचं होतं.

"अठरा वरीसमा कोनी इचारं नही," तो म्हणाला, "का वाजाडणारा कोन शे."

घड्याळात अडीच वाजले होते. अप्पा खात्यात दिवसपाळीला, सुटणार सातला. मी शटर ओढलं, सुपडूला सायकलच्या मागे बसवलं आणि सरळ खात्यावर गेलो. वाटेत मार्केटच्या टेम्पोवर गोपाळराव दिसले, त्यांना ओरडून सांगितलं. तेही टेम्पोवरून उतरून मागे पळत आले.

खात्यात अठ्ठेचाळीस लुमं. आत पाऊल टाकलं की आवाज छातीवर येऊन आदळतो, आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. सुपडू दारातच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, "आठे? रोज?"

अप्पा तिसऱ्या रांगेत चार लुमांमधे उभे होते. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे, मग त्या माणसाकडे पाहिलं. सुपडूने लुगडं सोडलं. आतून ढोलक निघाला. मग त्याने पोस्टकार्ड वर धरलं.

अप्पांना सांगावं लागलं नाही. ते लुमांमधल्या बोळातून आले आणि त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघायला लागले, बोटं, तळवे, अंगठ्याजवळचे घट्टे. सुपडू लाजला. मग त्याने एक गोष्ट केली. ढोलक कमरेला बांधला, अप्पांचा उजवा तळवा धरून ढोलकाच्या लाकडी अंगावर ठेवला, आणि वाजवायला सुरुवात केली.

मला काही ऐकू आलं नाही. गोपाळरावांना नाही, आजूबाजूच्या कारीगरांना नाही. अठ्ठेचाळीस लुमांच्या त्या कल्लोळात सुपडूचे हात फक्त हलताना दिसत होते. त्या अख्ख्या खात्यात ढोलक ऐकू येत होता एकाच माणसाला. अप्पांनी डोळे मिटले होते. एकदा ते मोठ्याने "हां!" म्हणाले असावेत, तोंड तसं उघडलं. मग मान डोलायला लागली, मग खांदे.

एकेक कारीगर जवळ आला. ओडिशाचे होते, बनारसकडचे होते, आमचे खानदेशी होते. जो येई तो ढोलकाला हात लावायला बघे, पण जागा कुठे होती? तेवढ्यात केबिनमधून शेठ बाहेर आले. मला वाटलं, संपलं. त्यांनी हात नाचवून विचारलं, ओठांवरून मला कळलं, "आ शुं चाले छे?"

अप्पांनी डोळे उघडले. शेठला जवळ बोलावलं, सत्तावीस नव्हे, आता बत्तीस वर्षांच्या नोकरीच्या हक्काने, आणि शेठचा हात धरून ढोलकावर ठेवला. शेठ वजनदार माणूस. क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी मेन स्विचकडे बोट केलं.

लुमं थांबली. एकेक करून नाही, सगळी एकदम. त्या खात्यात दिवसाढवळ्या शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आणि त्या शांततेत सुपडूचा ढोलक सगळ्यांना एकदम ऐकू आला, छपराच्या पत्र्यांवर घुमणारा, खणखणीत. कुणीतरी शिट्टी मारली. बनारसकडचा एक म्हातारा कारीगर बोळात नाचायला लागला. मग सगळेच. लुमांच्या लोखंडी बीमवर ताल धरणारे, टाळ्या देणारे. शेठ म्हणाले, "दस मिनिट, हं! दसज मिनिट!" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले.

गोपाळराव कापडाच्या ताक्यांवर चढून ओरडत होते, "सम बघा! सम बघा कशी घेतो!"

दहाची पंचवीस मिनिटं झाली. सुपडूची पाचची गाडी चुकली. त्या संध्याकाळी तो अप्पांच्या घरी जेवला. उषावहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. बाकड्यावर बसून त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कॅसेट नीट ऐकल्या. मधे मधे चुकचुकायचा, "आठे मी घाई करी." अप्पा म्हणायचे, "माले मालूम शे."

पुढच्या वर्षी सुपडूने पार्सल पाठवलं. नवी कॅसेट, 'केळीनं बन'. कव्हरवर गायकाच्या नावाखाली छापलं होतं, 'ढोलक : सुपडू वाघ'. त्याने आता नाव छापल्याशिवाय वाजवायचं बंद केलं होतं, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. वस्तीभर ते कव्हर हातोहात फिरलं. धुरपदाबाईने तर ते भाजीच्या गाड्यावर टोपलीला टेकवून दिवसभर ठेवलं. यंदा पहिला नंबर कोणाचा हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

दिवाळी आली. यादी लागली. 'केळीनं बन' चौथ्या नंबरवर होती.

लोक अप्पांवर तुटून पडले. मीही म्हणालो, "अप्पा, आपल्या माणसाला चौथा?"

"धम्मरत्नभाऊ, आपला म्हणूनच चौथा. दुसऱ्याचा असता तर पाचवा दिला असता. तिसऱ्या गाण्यात तो नाव छापलंय म्हणून वाजवतोय. हाताला लागतं ते."

गोपाळरावांनी शब्दांच्या रकान्यात मात्र त्याच कॅसेटला पहिला नंबर दिला होता, आणि पहिला नंबर देताना खाली लिहिलं होतं, 'पेटीवाल्याचे नाव पुढील वेळी छापावे.'

यादीची नक्कल सुपडूला गेली. आठ दिवसांत त्याचं कार्ड आलं. धनश्रीने दुकानात उभं राहून वाचलं. 'चौथा नंबर बरोबर आहे. तिसऱ्या गाण्याचं मलाही वाजवलं त्या रात्रीच कळलं होतं, पण कोणी बोललं नाही. संक्रांतीला सुरतेत येतो. गाणं परत वाजवून दाखवतो. बाकडं तयार ठेवा.'

तो आला, बायको-मुलांना घेऊन. पतंगांचा दिवस, सगळी सुरत गच्चीवर. आम्ही अप्पांच्या ओट्यावर बाकडं काढलं. गोपाळराव पेटी घेऊन आले. सुपडूने तिसरं गाणं चार वेळा वाजवलं, अप्पांनी चारही वेळा मान हलवली, पाचव्या वेळी थांबवून म्हणाले, "आते बरोबर." त्यावर गोपाळराव म्हणाले की आधीचंच बरोबर होतं, आणि तिघांचं जे भांडण जुंपलं ते संक्रांतीच्या भाजीचा, उंधियोचा, पातेल्यात गोळा गार होईपर्यंत. उषावहिनी दोनदा जेवायला हाका मारून गेल्या. अप्पांना ऐकू आलं नाही, हे ठीक. पण बाकीच्या दोघांनाही आलं नाही.